ब्रिटनच्या स्टँड-अप सर्किटवर कारकीर्द कशी उभी करावी: पाच मिनिटांपासून टेलिव्हिजनपर्यंत

ब्रिटनच्या सर्किटवर, म्हणजे देशभरातील कॉमेडी क्लबांच्या साखळीवर, स्टँड-अप कॉमेडी करणाऱ्याची पत त्याच्याकडे किती मिनिटांचे खात्रीचे मटेरियल आहे यावरून ठरते. पाच मिनिटे असलेला कलाकार ओपन स्पॉट, म्हणजे नवोदितांसाठीची बिनमानधन छोटी जागा, मागत फिरतो, वीस मिनिटे असलेल्याला क्लब पैसे देऊन बोलावतात, तासभराचा प्रयोग असलेला ऑगस्टमध्ये एडिनबराच्या फ्रिंज महोत्सवाला जातो आणि दर दीड-दोन वर्षांनी नवा तास उभा करू शकणारा दौऱ्यांवर घर चालवतो. टेलिव्हिजनवर रोज दिसणारे चेहरे पाहून या व्यवसायाकडे वळणाऱ्यांना हा हिशेब दिसत नाही, कारण पडद्यावर दिसतात ती फार तर सहा-सात मिनिटे, आणि तीही कोणीतरी कात्री लावून दिलेली असतात. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, किंवा तिथेच जन्मलेल्या मराठी तरुण-तरुणींपैकी ज्यांना या वाटेने जायचे आहे, त्यांनी टेलिव्हिजनचा विचार बाजूला ठेवून आपल्याकडे आज किती मिनिटे आहेत आणि पुढची किती हवीत, एवढेच पाहावे. टेलिव्हिजनचे बोलावणे आलेच, तर ते त्या मिनिटांच्या पाठोपाठ येते.

पहिली पाच मिनिटे

पाच मिनिटांचा सेट, म्हणजे मंचावर सलग सांगायची विनोदांची मालिका, लिहायला सोपा वाटतो, पण तोच सर्वांत जास्त वेळा पुन्हा लिहावा लागतो. क्लबच्या प्रेक्षकाला दर पंधरा-वीस सेकंदांनी हसण्याचे कारण हवे असते, म्हणजे पाच मिनिटांत किमान पंधरा जागा हमखास हशाच्या असायला हव्यात. मराठी एकपात्री परंपरेत वाढलेल्या माणसाला इथे पहिला धक्का बसतो. व्यक्ती उभी करायची, वातावरण रंगवायचे आणि सावकाश हशाकडे यायचे, ही आपली सवय पुढे तासाच्या प्रयोगात फार उपयोगी पडते, मात्र पाच मिनिटांत तिला जागा नसते. किस्सा सांगायचाच असेल तर त्याच्या शेवटापासून मागे येत लिहावे आणि हशाकडे न नेणारे प्रत्येक वाक्य काढून टाकावे.

सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात आपण कोण आहोत याचा उलगडा झाला पाहिजे. मंचावर पाऊल ठेवताच प्रेक्षकांनी आपला रंग पाहिलेला असतो, पहिल्या शब्दाबरोबर उच्चार ऐकलेला असतो. त्याबद्दल काही बोलले नाही तर ते त्याच विचारात अडकून राहतात. म्हणून एक-दोन विनोदांत तो विषय निकालात काढावा आणि पुढे जावे. संपूर्ण पाच मिनिटे उच्चार, मसालेदार जेवण आणि ठरवून केलेल्या लग्नांवर खर्च करणे हा आळस आहे. बीबीसीवर ‘गुडनेस ग्रेशस मी’ ही मालिका १९९६ मध्ये रेडिओवर आणि १९९८ मध्ये टेलिव्हिजनवर आली, तेव्हाच ब्रिटिश आशियाई कलाकारांनी हे सारे विषय वापरून, उलटेपालटे करून, त्यांचा रोख गोऱ्या ब्रिटिशांकडे वळवून दाखवला होता. आज तेच विनोद नव्याने सांगणाऱ्याला प्रेक्षक सौजन्याने हसतात, आणि सौजन्याचे हसू आयोजकाला लगेच ओळखू येते.

मराठी कलाकाराची एक सोय मात्र अशी की ब्रिटिश प्रेक्षकाला मराठी माणसाबद्दल कोणतीही पूर्वकल्पना नसते. पंजाबी आणि गुजराती कुटुंबांविषयी त्याच्या मनात काही ना काही चित्र असते. आपल्याबद्दल पाटी कोरी असते आणि तिच्यावर हवे ते लिहिता येते. मात्र विनोद कळण्यासाठी एकाहून अधिक वाक्यांचे स्पष्टीकरण द्यावे लागत असेल तर तो विनोद पुण्यातील मित्रांसाठी राखून ठेवावा. समाजापेक्षा माणसावर बोललेले केव्हाही चांगले. ब्रिटिश विनोदी कलाकार रोमेश रंगनाथन यांच्या विनोदात श्रीलंकन तमिळ आई असते, पण ती ‘आशियाई आई’चा नमुना नसते, ती नेमकी त्यांचीच आई असते, तिच्या तिरकस बोलण्यासह.

मंच कुठे मिळतो

लंडनमध्ये जवळपास रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या पबच्या वरच्या मजल्यावर किंवा तळघरात ओपन माइक, म्हणजे नवोदितांना खुला असलेला कार्यक्रम, असतो. मँचेस्टर, ग्लासगो, ब्रिस्टॉल, लीड्स येथेही नवोदितांसाठी ठरावीक रात्री असतात. आयोजकाला नाव, पूर्वी केलेल्या ठिकाणांची यादी आणि असल्यास छोटा व्हिडिओ पाठवून तारीख मागायची, ही पद्धत आहे. काही ठिकाणी ‘ब्रिंगर’ची अट असते, म्हणजे आपल्याबरोबर एक तरी प्रेक्षक आणावा लागतो आणि तो आपला सेट संपताच निघून गेलेला चालत नाही. ही अट जाचक असली तरी सुरुवातीला सोसण्यासारखी आहे. मंचावर उभे राहण्यासाठी कलाकाराकडूनच शुल्क मागणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे.

गाँग शो हा खास प्रकार आहे. आधुनिक ब्रिटिश स्टँड-अपची सुरुवात जिथून मानली जाते तो ‘द कॉमेडी स्टोअर’ हा क्लब १९७९ मध्ये लंडनच्या सोहो भागात एका स्ट्रिप क्लबच्या वर सुरू झाला, आणि कंटाळवाण्या कलाकाराला घंटा वाजवून खाली उतरवण्याची रीत तिथे पहिल्यापासून होती. त्या काळी अॅलेक्सी सेल तिथले सूत्रसंचालक होते. त्याच क्लबच्या ‘किंग गाँग’मध्ये आणि मँचेस्टरच्या फ्रॉग अँड बकेटमधील ‘बीट द फ्रॉग’मध्ये आजही प्रेक्षकांपैकी काहींच्या हाती कार्डे दिली जातात, ती वर झाली की कलाकाराला उतरावे लागते, आणि पाच मिनिटे तग धरणे एवढेच आव्हान असते. तिथे पहिलाच प्रयोग करू नये. पंधरा-वीस शांत खोल्यांत पाच मिनिटे घासून झाल्यावर मात्र एकदा अवश्य जावे, कारण पहिल्या वीस सेकंदांत हशा मिळवण्याची निकड तिथे जशी कळते तशी अन्यत्र कळत नाही. ‘द स्टँड’ या स्कॉटिश क्लबची ‘रेड रॉ’ ही नवोदितांची रात्र याच्या अगदी उलट स्वभावाची आहे. तिथला प्रेक्षक नवे काही ऐकायला आलेला असतो.

शिष्टाचार थोडे आहेत, पण मोडणाऱ्याचे नाव लवकर पसरते. वेळेच्या आधी पोहोचावे, सूत्रसंचालकाला भेटून नावाचा उच्चार सांगावा आणि आपला सेट झाल्यावर पळून न जाता इतरांचे पाहावे. मंचावर गेल्यावर माइक स्टँडमधून काढला तर स्टँड मागे सरकवून ठेवावा, नाहीतर तो सबंध वेळ आपल्यात आणि प्रेक्षकांत उभा राहतो. मागच्या बाजूला दिवा लागला की वेळ संपत आली असे समजून शेवटच्या विनोदाकडे वळावे. पाच मिनिटांची सात मिनिटे करणारा कलाकार कितीही विनोदी असला तरी त्याला पुन्हा बोलावले जात नाही, कारण त्याने दुसऱ्याची दोन मिनिटे घेतलेली असतात. दुसऱ्याचा विनोद उचलणे हा तर सर्किटवरचा अक्षम्य गुन्हा मानला जातो.

प्रत्येक प्रयोगाचे ध्वनिमुद्रण करावे आणि दुसऱ्या दिवशी ऐकावे. हशा कुठे आला यापेक्षा कुठे अपेक्षित असून आला नाही, हे त्यात शोधावे. वहीची प्रत दुसरीकडे ठेवावी. बॉब मंकहाउस यांच्यासारख्या मुरलेल्या टेलिव्हिजन कलाकाराच्या विनोदांच्या दोन वह्या १९९५ मध्ये चोरीला गेल्या आणि त्या परत मिळवण्यासाठी त्यांना बक्षीस जाहीर करावे लागले होते. फसलेल्या प्रयोगाचे काय करावे, याबद्दल विनोदी कलाकार सेरा मिलिकन यांचा एक नियम सर्किटवर त्यांच्याच नावाने ओळखला जातो: प्रयोग पडला असो वा गाजला असो, त्याचे दुःख किंवा कौतुक दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजेपर्यंतच करायचे, त्यानंतर विषय बंद. या नियमाची दुसरी बाजू, म्हणजे गाजलेला प्रयोगही अकराला विसरायचा, ही अधिक कठीण आहे.

वीस मिनिटे आणि पहिले मानधन

क्लबच्या आठवडाअखेरच्या कार्यक्रमाची घडण साधारण ठरलेली असते: सूत्रसंचालक प्रेक्षकांना तापवतो, पहिला कलाकार वीस मिनिटे करतो, मध्यंतरानंतर एखादा नवोदित पाच-दहा मिनिटे करतो आणि शेवटी हेडलाइनर, म्हणजे रात्रीचा मुख्य कलाकार, येतो. मधल्या जागेवर बिनमानधन दहा मिनिटे करून दाखवणे हीच पैसे मिळवून देणाऱ्या वीस मिनिटांची परीक्षा असते. पाचावरून वीसवर जाताना अनेक जण पाच-पाच मिनिटांचे आणखी तीन तुकडे लिहून जोडतात, आणि इथेच सेट तुटक होतो. वीस मिनिटांना आतली बांधणी लागते: आधीचा एखादा विनोद पुढे अनपेक्षितपणे परत येणे, मध्ये कुठेतरी प्रेक्षकांशी मोकळे बोलणे, आणि शेवटचा विनोद आधीच्या सगळ्यांपेक्षा वरचढ असणे. शेरेबाजी करणाऱ्या प्रेक्षकाला तयार उत्तरे फेकण्यापेक्षा तो जे म्हणाला ते आधी सगळ्यांना ऐकू जाईल असे पुन्हा म्हणावे. निम्म्या वेळा एवढ्यानेच काम होते, आणि विचार करायला दोन सेकंद मिळतात ते वेगळेच.

गाडी चालवता येणे ही या टप्प्यावरची मोठी गुणवत्ता आहे, हे विनोदाने म्हटलेले नाही. शेवटची रेल्वे सुटल्यानंतर कार्यक्रम संपतात, प्रवासाचा खर्च मानधन खाऊन टाकतो आणि स्वतःच्या गाडीतून आणखी दोघांना नेणारा कलाकार आयोजकाला हवाहवासा वाटतो. त्या प्रवासांत मुरलेल्या कलाकारांकडून जे शिकायला मिळते ते कोणत्याही अभ्यासक्रमात नसते.

याच काळात स्पर्धांत उतरावे. एडिनबराच्या गिल्डेड बलून या प्रयोगस्थळाची ‘सो यू थिंक यू आर फनी’ ही स्पर्धा १९८८ पासून चालू आहे आणि १९९७ मध्ये ती पीटर के यांनी जिंकली होती. बीबीसीचीही नवोदितांसाठी स्वतंत्र स्पर्धा आहे. जिंकण्यापेक्षा अंतिम फेरीत पोहोचण्याला महत्त्व आहे, कारण त्या रात्री एजंट आणि निर्माते सभागृहात बसलेले असतात.

व्हिसा आणि कर

हा भाग रुक्ष आहे, पण मराठी वाचकाने तो वगळू नये. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार करता येत नाही आणि मनोरंजन करणारा कलाकार म्हणून नोकरीही करता येत नाही. त्यामुळे प्रयोगाच्या शेवटी प्रेक्षकांनी स्वेच्छेने बादलीत टाकलेली रक्कम घेणेसुद्धा अडचणीचे ठरू शकते. विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी सल्लागाराला आधी लेखी विचारावे. शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावर स्वयंरोजगाराची मुभा आहे, आणि अनेकांसाठी खरी सुरुवात करण्याचा काळ तोच असतो. स्किल्ड वर्कर व्हिसावर मुख्य नोकरीव्यतिरिक्त काय करता येते यावर मर्यादा आहेत. भारतातून केवळ महोत्सवासाठी येणाऱ्या कलाकारांसाठी ब्रिटिश गृहखात्याची परमिट-फ्री, म्हणजे कामाचा व्हिसा न काढता भाग घेता येणाऱ्या, महोत्सवांची यादी असते आणि एडिनबरा फ्रिंज तिच्यात असतो. त्या वर्षीची यादी मात्र अर्ज करण्यापूर्वी स्वतः पाहून घ्यावी.

ज्यांना काम करण्याची मुभा आहे त्यांनी पहिल्या मानधनापासून हिशेब ठेवावा. ६ एप्रिल ते ५ एप्रिल या करवर्षात स्वयंरोजगाराचे एकूण उत्पन्न १,००० पौंडांवर गेले की पुढच्या ५ ऑक्टोबरपूर्वी एचएमआरसी या ब्रिटिश करखात्याकडे सेल्फ असेसमेंटसाठी, म्हणजे स्वतः विवरणपत्र भरण्यासाठी, नोंदणी करावी लागते, आणि ऑनलाइन विवरणपत्राची मुदत त्यानंतरच्या ३१ जानेवारीपर्यंत असते. मानधन अडकले तर कलाकारांची ‘इक्विटी’ ही संघटना सदस्यांच्या बाजूने उभी राहते.

एडिनबराचा तास

१९४७ मध्ये आठ नाट्यसंस्था निमंत्रण नसताना एडिनबराच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या काळात तिथे पोहोचल्या आणि तिथून फ्रिंज सुरू झाला. निवड समिती नसणे हा त्याचा आजही टिकलेला गुण आहे: ज्याला खोली मिळाली तो प्रयोग करू शकतो. ब्रिटिश कॉमेडीचे सगळे वर्ष या ऑगस्टभोवती फिरते. समीक्षक, एजंट, बीबीसीचे आणि चॅनल फोरचे निर्माते एकाच शहरात तीन-साडेतीन आठवडे असतात, आणि रोज तोच तास करून तो ऑगस्टअखेरीस जितका धारदार होतो तितका वर्षभर क्लबमध्ये करून होत नाही.

म्हणूनच घाई करू नये. एडिनबरा कॉमेडी अवॉर्ड्समध्ये उत्कृष्ट नवोदिताचा पुरस्कार पहिल्या पूर्ण लांबीच्या, म्हणजे ५० मिनिटे वा अधिक काळाच्या, प्रयोगासाठी असतो. पस्तीस मिनिटांच्या मटेरियलला पाणी घालून तास करणारा कलाकार ही पदार्पणाची संधी कायमची गमावतो. सेरा मिलिकन जॉब सेंटर या सरकारी रोजगार केंद्रात काम करत होत्या. घटस्फोटानंतर, तिशीच्या उंबरठ्यावर, २००४ च्या सुमारास त्या मंचावर आल्या आणि २००८ मध्ये पदार्पणाच्या तासासाठी त्यांना हा पुरस्कार मिळाला. गणिताचे शिक्षक असलेल्या रंगनाथन यांचे याच गटातील नामांकन २०१३ चे आहे. पहिल्या वर्षी तिघांनी मिळून प्रत्येकी वीस मिनिटांचा सामायिक प्रयोग न्यावा, दुसऱ्या वर्षी आठवडाभर ‘वर्क इन प्रोग्रेस’, म्हणजे अजून घडत असलेला प्रयोग, करावा, आणि मग तास काढावा, हा क्रम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

खर्चाचा विचार थंड डोक्याने करावा. प्लेझन्स, असेंब्ली, गिल्डेड बलून आणि अंडरबेली या मोठ्या स्थळांवर खोलीचे भाडे किंवा हमीची रक्कम, नोंदणी, जाहिरात आणि ऑगस्टमध्ये गगनाला भिडलेले घरभाडे यांची बेरीज अनेकांना कर्जात घालते. याला उत्तर म्हणून पीटर बकली हिल यांनी १९९६ मध्ये ‘फ्री फ्रिंज’ची कल्पना आणली: कलाकाराने खोलीचे भाडे द्यायचे नाही, प्रेक्षकाने तिकीट काढायचे नाही, आणि शेवटी दाराशी धरलेल्या बादलीत ज्याला जे वाटेल ते त्याने टाकायचे. पदार्पणासाठी हा मार्ग कमी प्रतिष्ठेचा मानण्याचे दिवस गेले आहेत. रॉयल माइल या एडिनबराच्या गजबजलेल्या रस्त्यावर पावसात भिजत पत्रके वाटावी लागतात ती दोन्हीकडे सारखीच.

तासाच्या प्रयोगाला विषय असावा, पण तो विनोदावर लादलेला दिसू नये. चाळिसाव्या मिनिटाला अचानक दुःखद वळण घ्यायचे, वडिलांच्या निधनाबद्दल बोलायचे आणि शेवटी पुन्हा हसवायचे, हा साचा इतका वापरला गेला आहे की समीक्षक त्याची वाटच पाहत असतात. ज्याला खरोखर तसे सांगायचे आहे त्याने जरूर सांगावे; साच्यापोटी सांगू नये. रोज एकाच तासाचे प्रयोग करताना किमान एक परिच्छेद दररोज बदलत ठेवावा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात आवाज यांत्रिक होतो.

पुरस्कारांकडे किती लक्ष द्यावे? १९८१ मध्ये पेरिए या नावाने सुरू झालेला मुख्य पुरस्कार पहिल्याच वर्षी स्टीफन फ्राय, ह्यू लॉरी आणि एमा टॉम्पसन यांचा समावेश असलेल्या केंब्रिज फुटलाइट्स या विद्यापीठातील नाट्यमंडळाला मिळाला. १९९१ मध्ये तो फ्रँक स्किनर यांना मिळाला, आणि त्या वर्षी न मिळालेल्यांत जॅक डी आणि एडी इझर्ड होते. पुढे दोघांनीही मोठी सभागृहे भरवली. विनोदी कलाकार जेम्स एकास्टर यांना २०१२ ते २०१६ अशी सलग पाच वर्षे नामांकन मिळाले आणि एकदाही पुरस्कार मिळाला नाही, तरी त्यांच्या पिढीतील सर्वांत प्रभावी कलाकारांत त्यांची गणना होते. नामांकनाने पुढच्या दौऱ्याची तिकिटे विकली जातात. त्याहून अधिक अपेक्षा ठेवू नये.

टेलिव्हिजनचे बोलावणे

एजंट बहुधा तासाच्या प्रयोगानंतर विचारणा करतो. एव्हलॉन किंवा ऑफ द कर्ब यांसारख्या मोठ्या संस्था प्रतिनिधित्वाबरोबर कार्यक्रमांची निर्मितीही करतात, त्यामुळे त्यांच्या कलाकाराला दारे लवकर उघडतात; पण आपला प्रतिनिधी आणि आपला निर्माता एकाच घरातले असतील तर करारातील प्रत्येक कलम स्वतंत्र वकिलाकडून वाचून घ्यावे. लहान एजंटचे लक्ष जास्त मिळते. आपल्या प्रयोगाला स्वतः न आलेल्या एजंटशी करार करू नये.

पॅनेल शो, म्हणजे कलाकारांनी एकत्र बसून प्रश्न-उत्तरांच्या खेळाच्या निमित्ताने विनोद करण्याचा कार्यक्रम, हा ब्रिटिश टेलिव्हिजनचा खास प्रांत आहे. १९९० पासून चालू असलेले ‘हॅव आय गॉट न्यूज फॉर यू’, २००३ चे ‘क्यूआय’, २००७ चे ‘वुड आय लाय टू यू’, बीबीसी टूवर २००५ ते २०२२ चाललेले ‘मॉक द वीक’ अशी ती परंपरा आहे. अर्ध्या तासाच्या भागासाठी दोन-तीन तास चित्रीकरण होते, म्हणून बोलण्याच्या जागा मिळत नाहीत असे वाटून घाबरू नये. मुरलेल्यांच्या आवाजावर आवाज चढवण्यापेक्षा दुसऱ्याच्या वाक्याला जोडून एक नेमके वाक्य टाकणारा संकलनात टिकतो. २०१४ मध्ये बीबीसीने केवळ पुरुषांचा भरणा असलेली पॅनेल यापुढे नकोत असे जाहीर केले. तोवर या कार्यक्रमांची बैठक किती एकसाची होती हे त्यावरून कळते. ‘लाइव्ह अॅट द अपोलो’ या टेलिव्हिजनवरील स्टँड-अप कार्यक्रमाची गोष्ट वेगळी: तिथे आपले सर्वांत खणखणीत मटेरियल द्यावे लागते आणि ते प्रक्षेपित झाले की क्लबमध्ये जुने होते. कोणती मिनिटे द्यायची आणि कोणती दौऱ्यासाठी राखायची, हे एजंटबरोबर बसून आधी ठरवावे. रात्री नऊपूर्वीच्या प्रक्षेपणासाठी शिवराळ शब्दांविना चालणारी पाच मिनिटेही वेगळी तयार असावीत.

पडद्यामागची कामे नाकारू नयेत. पॅनेल शोसाठी विनोद लिहिणे, चित्रीकरणाआधी प्रेक्षकांना तापवणे, रेडिओ फोरच्या सायंकाळी साडेसहाच्या कॉमेडीसाठी लिहिणे, यांतून नियमित पैसे मिळतात आणि निर्मात्यांशी ओळख होते. स्वतःची कल्पना असेल तर ती आधी लहान खोलीत करून पाहावी. अॅलेक्स हॉर्न यांनी ‘टास्कमास्टर’ हा कलाकारांना विचित्र कामे करायला लावणारा खेळ २०१० मध्ये एडिनबराला केला, २०१५ मध्ये तो डेव्ह वाहिनीवर आला आणि २०२० पासून चॅनल फोरवर गेला. त्याच्या पहिल्या पर्वात रंगनाथन होते, आणि त्याच वर्षी बीबीसी थ्रीवर त्यांची श्रीलंकेतील प्रवासाची मालिका आली. मालिकेची सगळी गंमत त्यांच्या आईशी असलेल्या नात्यातून येत होती, आणि ते नाते त्यांनी आधी क्लबांत मिनिटा-मिनिटाने तपासून घेतलेले होते.

ओळख मिळाल्यावर दौऱ्याची आखणी लहान ठेवावी. दोनशे खुर्च्यांची भरलेली कला केंद्रे सहाशेच्या अर्ध्या रिकाम्या नाट्यगृहापेक्षा बरी, कारण स्थानिक व्यवस्थापक पुढच्या वेळी तोच आकडा पाहतो. दौरा साधारण शरद ऋतूत सुरू होऊन वसंतापर्यंत चालतो. शेवटच्या काही प्रयोगांपैकी एकाचे चित्रीकरण करून घ्यावे, त्यानंतर तो तास बंद करावा, आणि पुढच्या तासासाठी पुन्हा पबच्या वरच्या मजल्यावर, स्वस्त तिकिटांत, हातात वही घेऊन पंधरा मिनिटांच्या नव्या मटेरियलचे दिवस आयोजकाकडे मागावेत.